रश्श्याच्या गावात अख्खी कोंबडी भाजताना

सोलापूरकडे कोंबडी म्हटली की रस्सा. काळं तिखट, भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर लाल तवंग आणि ताटात चुरलेली कडक भाकरी. त्यात सुधारणा करावी असं कुणाला वाटत नाही, मलाही वाटत नाही. पण केक आणि नानकटाईसाठी घेतलेला ओटीजी आता पुष्कळ घरांत आहे, आणि तो ओट्यावर दिसला की कधी ना कधी कुणीतरी विचारतंच: यात अख्खी कोंबडी भाजता येईल का?

येते, आणि पहिल्याच खेपेला चांगली येऊ शकते. अडचण एकच आहे. रस्सा करून करून हाताला ज्या सवयी लागल्या आहेत, त्या इथे उलट्या पडतात. रश्श्यासाठी आपण कोंबडी सोलून घेतो, बारीक तुकडे करतो, दोन-तीन पाण्यांनी धुतो, दही लावून ठेवतो आणि झाकण घालून शिजवतो. भाजायची कोंबडी हवी सालीसकट, अख्खी, न धुतलेली, कोरडी आणि उघडी.

याचं कारण पाण्यात आहे. जोवर मांसाचा वरचा थर ओला असतो, तोवर त्याचं तापमान शंभर अंशांच्या वर जात नाही. सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तो सोनेरी-तपकिरी रंग आणि खमंग वास यायला साधारण एकशेचाळीस अंशांच्या पुढे जावं लागतं. तिथे मांसातली प्रथिनं आणि साखरेचे अंश एकमेकांत मिसळून नवे स्वाद तयार होतात. या बदलाला मेयार्ड क्रिया म्हणतात. भाकरीवर पडणारे तपकिरी डाग, परतून लाल झालेला कांदा, सगळं तिचंच काम. म्हणजे कोंबडी भाजणं हे बरंचसं तिला कोरडं करणं आहे, आणि ते काम ओव्हन लावण्याच्या आदल्या दिवशी सुरू होतं.

सुरुवात दुकानापासून. भाजण्यासाठी ब्रॉयलरच घ्या. आपल्याकडे गावरान कोंबडीला मान आहे आणि रश्श्यात तो योग्यच आहे, पण गावरान पक्षी कित्येक महिने हिंडून-फिरून वाढलेला असतो. त्याचे स्नायू आणि त्यांना बांधणारे तंतू घट्ट असतात; ते मऊ व्हायला पाणी आणि बराच वेळ लागतो. ओव्हनच्या कोरड्या धगीत ते चिवट होतात. ब्रॉयलर साधारण पाच-सहा आठवड्यांचा असतो, त्याचं मांस कोवळं, तासाभरात भाजून होणारं.

वजन सांगताना जपा. दुकानातला भाव जिवंत कोंबडीचा आहे की साफ केलेल्या, हे आधी विचारा. सालीसकट साफ केलेली सव्वा किलोची कोंबडी हवी असेल, तर जिवंत पक्षी पावणेदोन किलोच्या आसपासचा लागतो. यापेक्षा मोठा घेऊ नका. मोठी कोंबडी लहान ओटीजीत वरच्या दांडीला टेकते, आणि आतून शिजेपर्यंत बाहेरून करपते.

पहिला प्रयत्न बहुतेकांचा फसतो तो इथेच, दुकानात. आपल्याकडचे दुकानदार कोंबडी सोलूनच देतात. पिसं आणि साल एकदम ओढून काढली की काम मिनिटाभरात होतं, आणि गिऱ्हाइकालाही साल नकोच असते. नुसतं ‘अख्खी द्या’ म्हणालात तर सोललेली, तंदूरसाठी चिरा पाडलेली कोंबडी हातात येईल. म्हणून स्पष्ट सांगा: “भाऊ, सोलू नका. गरम पाण्यात घालून पिसं काढा. पोट साफ करा, मान आणि पंजे काढा, मान आणि कलेजी-पेटा वेगळं द्या. तुकडे नकोत, चिरा पण पाडू नका.” रविवारी सकाळी दुकानात रांग असते, गटारीच्या आधी तर विचारायलाच नको, अशा वेळी एवढं काम कुणी करून देणार नाही. आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि गर्दी होण्याआधी जा.

साल ठेवून भाजणं हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं मात्र समजू नका. खेड्यापाड्यांत अजूनही पिसं उपटल्यावर कोंबडी जाळावर फिरवतात, उरलेली लव जाळतात आणि हळद चोळतात. साल जागच्या जागी राहते. त्याहून जुना दाखला आपल्या शेजारीच आहे. सोलापूरहून हैदराबादच्या बाजूला गेलं की बसवकल्याण येतं. हीच कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. तिथला राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११२९च्या सुमारास, ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यातल्या अन्नाच्या भागात डुक्कर भाजण्यापूर्वी त्याचे केस कसे काढावेत ते सांगितलं आहे: अंगावर पांढरं कापड घालून कढत पाणी ओतावं आणि केस उपटावेत, किंवा माती लिंपून गवताच्या जाळावर ते जाळावेत. गरम पाण्यात घालून पिसं काढायला सांगताना आपण दुकानदाराला काही नवीन सांगत नाही.

सालीसकट मिळालीच नाही तर? मग हा बेत सोडून तंदुरी पद्धतीकडे वळा. सोललेल्या कोंबडीला दही, तेल आणि मसाला हेच कवच करावं लागतं. ती चविष्ट होते, पण एक लक्षात ठेवा: खऱ्या तंदूरची धग चारशे अंशांच्या आसपास जाते, तिथे दह्यातलं पाणी बघता बघता उडतं. घरच्या ओटीजीत तेच दही पाणी सोडतं आणि कोंबडी स्वतःच्या रसात उकडते. दही फडक्यात टांगून चक्का करून लावलंत तर बराच फरक पडतो. पुढची कृती मात्र सालीसकट कोंबडीचीच आहे.

घरी आणल्यावर धुऊ नका. हे पटायला सगळ्यात जड जातं, ठाऊक आहे मला. पण कच्च्या कोंबडीवर साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे पोट बिघडवणारे जंतू असू शकतात. नळाखाली धरलं की त्यांचे शिंतोडे सिंकवर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. पाण्याने ते मरत नाहीत, धगीने मरतात. त्याऐवजी टिश्यू कागदाने किंवा नंतर फेकून देता येईल अशा जुन्या सुती कापडाने कोंबडी आतून-बाहेरून टिपून घ्या. पोटात हात घालून पाहा: बरगड्यांना चिकटलेले लाल मऊ फुप्फुसाचे तुकडे असतील तर बोटाने खरवडून काढा, ते कडवट लागतात. शेपटीशी पिवळसर चरबीची गाठ असते, तीही कापून टाका. एखादं पिसाचं खुंट राहिलं असेल तर चिमट्याने ओढा. मग हात, सुरी आणि पाट साबणाने धुवा.

आता मीठ. साफ केलेल्या कोंबडीच्या वजनाच्या एक टक्का, म्हणजे सव्वा किलोला बारा ग्रॅम, धरून चाला. चहाचे सपाट दोन चमचे. त्यातलं थोडं पोटात चोळा, बाकीचं बाहेरून, आणि जाड भागावर, म्हणजे छाती आणि मांड्यांवर, जरा जास्त. मीठ आधी मांसातलं पाणी बाहेर ओढतं. अर्ध्या तासात कोंबडी घामेजलेली दिसेल. घाबरू नका. तेच खारट पाणी काही तासांत परत आत मुरतं, मीठ खोलवर नेतं, आणि भाजताना मांसाला आपला रस धरून ठेवायला मदत करतं. भाजायच्या जेमतेम अर्धा तास आधी मीठ लावणं सगळ्यात वाईट: पाणी बाहेर आलेलं असतं आणि आत गेलेलं नसतं. एक तर रात्रभर ठेवा, नाहीतर अगदी ओव्हनमध्ये घालतानाच लावा.

मीठ लावलेली कोंबडी काठाच्या ताटात, छाती वर करून, न झाकता फ्रीजमध्ये ठेवा. फ्रीजमधली हवा कोरडी असते, ती साल सुकवते. खालच्याच कप्प्यात ठेवा, म्हणजे खाली दुधावर किंवा भाजीवर काही ठिबकणार नाही. दुसऱ्या दिवशी साल ताणलेली आणि हाताला कागदासारखी लागली पाहिजे. शनिवार पाळणाऱ्या घरांत आदल्या रात्री मांस फ्रीजमध्ये ठेवायला चालत नाही. त्यांनी रविवारी सकाळी आणून मीठ लावावं आणि संध्याकाळी भाजावी. आठ-दहा तासांतही काम चांगलं होतं.

सोलापूरच्या उन्हाळ्याबद्दल इथेच सांगतो. पारा चाळिशीच्या पुढे असताना कच्चं मांस बाहेर तासाभराहून जास्त राहू देऊ नये. दुकानातून दुसऱ्या कामाला न जाता थेट घरी या. ‘भाजण्याआधी कोंबडी तासभर बाहेर काढून ठेवा’ असा सल्ला थंड देशांतल्या पाककृतींत असतो. मे महिन्यात तो आपल्यासाठी नाही. ओव्हन तापेपर्यंत वीस मिनिटं काढलीत तरी पुरे.

मसाल्याचं काय? काळ्या तिखटातले जिन्नस आधीच खमंग भाजलेले असतात. ते सालीवर चोळून दोनशे अंशांत तासभर ठेवलेत, तर ते करपून कडू होतील. म्हणून मसाला सालीखाली घाला. दोन चमचे लोणी किंवा शेंगदाण्याचं तेल, सहा-सात ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, एक चमचा काळं तिखट आणि थोडी चिरलेली कोथिंबीर एकत्र करा. मीठ घालू नका, ते आधीच लागलेलं आहे. अंगठ्या काढून ठेवा. मानेच्या बाजूने साल आणि छातीच्या मांसामध्ये बोटं हळूहळू सरकवा. पातळ पडद्यासारखा थर सुटत जातो. नखाने ओढू नका, साल फाटते. या खिशात मसाला भरा आणि वरून थोपटून पसरवा. मांड्यांकडेही बोट जाईल तिथपर्यंत न्या. बाहेर फक्त चमचाभर तेलात कालवलेली चिमूटभर हळद.

पोटात अर्धं लिंबू, काही लसूणपाकळ्या आणि कोथिंबिरीचे देठ एवढंच. खिमा, अंडी किंवा भात भरलेली कोंबडी दिसायला शाही असते, पण पहिल्या खेपेला तिच्या वाटेला जाऊ नका. भरलेलं सारणही आतून पुरेसं तापावं लागतं, आणि ते तापेपर्यंत छातीचं मांस कोरडं पडतं.

दोन्ही तंगड्यांची टोकं एकत्र आणून दोऱ्याने सैलसर बांधा. दोरा सुतीच हवा, नायलॉनचा वितळतो. सोलापुरात सुताला तोटा नाही, पण चादरीच्या रंगीत सुताला हात लावू नका. कोरं, न रंगवलेलं सूत घ्या. पंखांची टोकं पाठीखाली मुडपून टाका, नाहीतर ती सगळ्यात आधी जळतात.

ओटीजी म्हणजे वर आणि खाली तापणाऱ्या दांड्या असलेली पेटी. सव्वा किलोच्या कोंबडीला अठ्ठावीस-तीस लिटरचा तरी हवा. लावण्याआधी प्लग पाहा. दीड ते दोन हजार वॅटचं हे यंत्र घरातल्या साध्या सहा अँपिअरच्या पॉइंटला झेपत नाही, एक्स्टेन्शन बोर्डला तर मुळीच नाही. गिझर किंवा एसीसाठी असतो तसा मोठा पॉइंट वापरा. दोन्ही दांड्या चालू ठेवून दोनशे अंशांवर पंधरा-वीस मिनिटं रिकामाच तापवा. थंड ओव्हनमध्ये ठेवलेली कोंबडी तापेपर्यंत पाणी सोडत बसते.

ट्रेमध्ये बटाट्याच्या जाड चकत्या आणि कांद्याच्या फोडी पसरा, वर जाळी, जाळीवर कोंबडी छाती वर करून. गळणारी चरबी बटाटे पितात, त्यामुळे धूर होत नाही. काही जण ट्रेमध्ये पाणी ओततात. त्याची वाफ साल मऊ करते, म्हणून ते टाळा. जाळी सगळ्यात खालच्या खाचेत लावा. छाती आणि वरची दांडी यांत तीन-चार बोटांचं अंतर राहिलंच पाहिजे.

मग दार लावा आणि पहिली चाळीस मिनिटं उघडू नका. दर पाच मिनिटांनी दार उघडून बघण्याने लहान ओव्हन चटकन थंड होतो. काचेतून बघा. छाती फार लवकर काळपट होऊ लागली तर तेवढ्या भागावर फॉइलचा तुकडा सैल ठेवा. सगळी कोंबडी गुंडाळलीत तर ती उकडेल. मधेच वीज गेली तर दार बंदच ठेवा, पंधरा मिनिटांत आली तर फारसं बिघडत नाही. तासभर येणार नाही असं दिसलं, तर वाट बघू नका. कोंबडीचे तुकडे करा, जाड बुडाच्या कढईत तेलावर झाकून पूर्ण शिजवा. साल हातची गेली तरी जेवण वाया जाणार नाही.

सव्वा किलोला साधारण एक तास ते सत्तर मिनिटं लागतात. पण घड्याळावर विसंबू नका, प्रत्येक ओटीजीची धग वेगळी असते. पन्नास मिनिटांनी तपासायला सुरुवात करा. इथे एक अडचण आहे जी तुकड्यांच्या रश्श्यात कधी जाणवत नाही. अख्ख्या कोंबडीत दोन तऱ्हेचं मांस आहे. छातीचं पांढरट मांस पंचाहत्तर अंशांच्या फार पुढे गेलं की भुशासारखं कोरडं होतं. मांडीचं गडद मांस मात्र ऐंशीच्या आसपास पोचल्यावरच मऊ होतं. तंगड्या ओव्हनच्या मागच्या, जास्त तापणाऱ्या बाजूला ठेवल्या की दोघांची वेळ बरीचशी जुळते.

खात्री करण्याचा उत्तम मार्ग म्हणजे सुईचा अन्न-तापमापक. ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतो, आणि या एका वस्तूवर खर्च करावा असं माझं ठाम मत आहे. सुई मांडी आणि पोट यांच्या मधल्या सगळ्यात जाड भागात खुपसा, पण हाडाला टेकू देऊ नका. हाड जास्त तापतं आणि आकडा फसवतो. जंतू मरण्यासाठी सगळीकडे किमान चौऱ्याहत्तर अंश हवेत. मांडीत ऐंशी दिसले आणि छातीत पंचाहत्तर, तर थांबा.

तापमापक नसेल तर मांडीच्या सांध्यात सुरी खोल घालून बघा. आत लालसर, चकचकीत, जेलीसारखं मांस दिसलं तर कच्चं आहे. दहा मिनिटं आणखी. मांस अपारदर्शक झालेलं, रस स्वच्छ आणि तंगडी धरून हलवली की सांध्यात सैल फिरते, अशी असेल तर झाली. हाडाजवळचा हलका गुलाबी रंग पाहून पुष्कळ जण कोंबडी परत आत ढकलतात आणि छाती वाळवून टाकतात. कोवळ्या ब्रॉयलरच्या हाडातल्या मगजाचा रंग शेजारच्या मांसात उतरतो. तापमान गाठलेलं असेल तर त्या रंगाची चिंता नको.

बाहेर काढल्यावर पंधरा मिनिटं तशीच राहू द्या. झाकू नका, वाफेने साल ओलसर होते. गरमागरम कापलीत तर रस पाटावर वाहून जातो. जरा निवल्यावर तो दाटतो आणि मांसात राहतो. पाहुणे कितीही घाई करोत, ही पंधरा मिनिटं सोडू नका. तेवढ्यात ट्रेमधले बटाटे हलवून पाच-सात मिनिटं वरच्या दांडीखाली लाल करून घ्या.

कापताना आधी दोरा सोडा. तंगडी बाहेर ओढा, सांधा दिसेल, तिथून सुरी घाला; हाड कापायचं नसतं, सांध्यातून वाट काढायची. मग पंख. शेवटी छातीच्या मधल्या हाडाला लागून दोन्ही बाजूंनी सुरी खाली नेली की दोन अख्खे भाग सुटतात. त्यांचे आडवे काप करा, प्रत्येक कापाला सालीचा वाटा आला पाहिजे.

पाटावर आणि ट्रेमध्ये जमलेला रस फेकायचा नाही. त्यात लिंबू पिळा आणि वाटीत काढा. ज्वारीची कडक भाकरी चुरून या रसात भिजवली, वर मांस, बाजूला शेंगाची चटणी आणि कच्चा कांदा, तर रश्श्याची आठवण काढणारी मंडळीही गप्प जेवतात.

उरलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा, उन्हाळ्यात तासाभरात, आणि तीन दिवसांत संपवा. पुन्हा गरम करताना नुसतं कोमट नको, वाफा येईपर्यंत तापवा. सांगाडा, पंखांची टोकं आणि काढून ठेवलेली मान कुकरमध्ये घाला, लिटरभर पाणी, एक कांदा, चार मिरी, आणि शिट्टी झाल्यावर मंद आचेवर अर्धा तास. गाळलेलं हे पाणी सोमवार पाळत असाल तर मंगळवारपर्यंत फ्रीजमध्ये टिकतं, आणि वाटण घातलं की त्याचा चांगला रस्सा होतो.